तिची डावी बाजू

"टेकलं का?" तिनं विचारलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा बघत होतो. न बघताच "टेकलं" म्हणालो. किटलीची तोटी कपाला टेकलेली नव्हती. चहा कपाच्या बाहेरून गेला, थोडा माझ्या गुडघ्यावर, बाकीचा फरशीवर. मी ओरडलो. तिनं किटली खाली ठेवली, फडकं घेतलं, आधी माझा गुडघा पुसला, मग फरशी. आणि म्हणाली, "तुमचे तर दोनी हायेत ना?"

हसली. किटलीत अर्धा कप उरला होता, तो दोघांनी बशीतून घेतला आणि कामावर निघालो. आमचा दोघांचा तो शेवटचा चहा. त्याच दिवशी दुपारी ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. धंदा पोती उचलायचा, लिहायचा नव्हे. तरी लिहितो, कारण तुम्ही तिला दिवसभर समोर बसून बघितलं असतं तरी तुम्हाला काही कळलं नसतं. आमच्या गोदामात वीस माणसं होती, त्यांनाही कळलं नव्हतं. तिचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, पुन्हा नाही. आता कागदावर घ्यायला हात होत नाही. गोदामात तिला सगळे मावशी म्हणत. मी "अगं" म्हणायचो, तेवढ्यावर ती वळायची.

तिला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. लहानपणी तुरी बडवताना काडी उडून डोळ्यात गेली. बाहेरून डोळा चांगला, उजव्यासारखाच फिरायचा. एका डोळ्यावर माणसाला सगळं दिसतं, पण कुठली वस्तू किती जवळ आणि किती लांब, तिथं चुकतं. हे मला लग्नाच्या आठव्या दिवशी कळलं, तिनं कप सोडून माझ्या हातावर चहा ओतला तेव्हा. मी तिच्या भावाच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमी इचारलं न्हाय, आमी सांगितलं न्हाय."

परत आलो तर ती उंबऱ्यात बसलेली. बोचकं बांधून तयार होती. म्हणाली, "लपवलं ते चुकलं. पण तुमी कप धरा आणि टेकलं की सांगा. म्या सांडणार न्हाय."

मी बोचकं उचलून आत ठेवलं. पुढच्या चैत्रात येरमाळ्याच्या जत्रेतून बारक्या तोटीची जर्मनची किटली आणली. पिशवीतून काढली आणि चुलीपाशी ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी किटलीची तोटी कपाच्या काठाला लागायची, टक् असा आवाज यायचा, ती विचारायची, मी सांगायचो. तुम्ही म्हणाल, आवाज ऐकल्यावर विचारायचं कशाला? मीही एकदा म्हणालो होतो. "आवाज फसवतोय. तुमी फसवत न्हाय," ती म्हणाली.

आणि रस्त्यानं चालताना मी तिच्या डावीकडं. तिकडून बैल येवो, मोटारसायकल येवो, तिला दिसायचं नाही. आमच्या भागात बायको नवऱ्याच्या मागून चार पावलांवर चालते. आम्ही शेजारी-शेजारी चालायचो, लोकांना गंमत वाटायची. "मामा, मामी हरवती का काय?" असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, "तुझ्या बापाचं काय जातं?" मोठा रस्ता आला की ती थांबायची आणि मान न वळवता विचारायची, "हायेत का?"

"मेलो न्हाय अजून," मी म्हणायचो. मग ती पाय उचलायची.

उमरग्याच्या अलीकडं महामार्गाला लागून डाळीचं गोदाम झालं तेव्हा आम्ही दोघं तिथं लागलो. मी पोती उचलायला, ती चिठ्ठ्यांवर. आता पोत्यावर नुसतं नाव लिहून भागत नाही. काळ्या रेघांची चिठ्ठी लागते, ती मशीननं वाचली की कुठल्या पोत्यात काय आहे आणि ते कुठं जाणार, हे कॉम्प्युटरात चढतं. वाचायची मशीन हातात धरायची, पिस्तुलासारखी. तिला सगळे बंदूकच म्हणत. बंदूक फार जवळ धरली तर वाचत नाही, फार लांब धरली तर वाचत नाही. आणि पोतं म्हणजे काही पुठ्ठ्याचं खोकं नव्हे. कुठं फुगतं, कुठं बसतं, चिठ्ठीला घड्या पडतात. चांगल्या डोळ्यांची पोरं चार-चार वेळा बंदूक दाबायची.

ती एकदाच दाबायची. डाव्या हाताचा तळवा चिठ्ठीवरून फिरवून घडी मोडायची, मग तोच हात पोत्यावर उभा धरायची. अंगठा चिठ्ठीच्या कडेला, करंगळी बंदुकीच्या तोंडाला. बरोबर एक वीत. बंदूक टीक करायची. दुसरे डोळ्यांनी अंदाज घ्यायचे, ही हातानं मोजायची. मुकादम नव्या माणसाला म्हणायचा, "मावशीची वीत बग आणि शिक." वीत कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग मालाची ने-आण करायला फोर्कलिफ्ट आली. तेव्हा नियम झाला की नजर अधू असलेला माणूस आतल्या कामावर नको. सगळ्यांचे डोळे तपासायला डॉक्टर आले. मी बाहेर रांगेत उभा. आमची एकच लेक, माकणीला दिलेली. डोळ्याचं कळलं तर ही घरी आणि मी इथं, एवढीच आमची भीती होती. घरी बसायचं नाव काढलं की ती म्हणायची, "दिवसभर भिंतीची वीत मोजू का?"

दहा मिनिटांत बाहेर आली. "दोनी पास," म्हणाली.

"कसं काय?"

"एक झाका म्हणले, डाव्या हातानं डावा झाकला. आता दुसरा झाका म्हणले, उजव्या हातानं डावाच झाकला. त्यांना हात बदललेला दिसला."

मी त्या दिवशी रस्त्यात बसून हसलो. ती मला ओढत होती, "उठा, लोक बगत्यात."

मागच्या वर्षी नवी मशीन आली. पट्ट्याच्या वर खांबावर बसवलेला कॅमेरा. पट्ट्यावरून पोतं गेलं की तो आपोआप चिठ्ठी वाचणार. बसवायला पुण्याहून एक मुलगी आली होती, इंजिनिअर. डोक्याला रुमाल बांधून डाळीच्या धुळीत दिवस-दिवस उभी राहायची. तिनं आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काका, मावशी, जुन्या मशीनला एकच डोळा होता. तिला चिठ्ठी दिसायची, पण ती किती लांब आहे, कुठं दुमडली आहे, हे कळायचं नाही. याला दोन डोळे आहेत. हा पोत्याचा चढ-उतार मोजतो आणि चिठ्ठी मनातल्या मनात सरळ करून वाचतो."

मग म्हणाली, एक डोळा मिटा आणि दोन्ही हातांची पहिली बोटं लांबून एकमेकांना टेकवून बघा. पोरांनी केलं. बोटं चुकली, हशा झाला. दोन्ही डोळे उघडून केलं, जमलं. मुलगी माझ्या बायकोकडं वळली. मी मधे पडलो. "आमाला कामं हायेत," म्हणालो. "असले पोरखेळ पुण्यात करा." मीही तो खेळ केला नाही.

घरी जाताना ही म्हणाली, "म्हंजी बंदूक माझ्यासारखीच व्हती. बिचारीला टेकवून द्यावं लागायचं."

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मुलीनं तिला एकटीला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. मी डबा धुऊन आलो तर ही पडद्यासमोर उभी. कॅमेऱ्याला जे दिसतं ते पडद्यावर रंगात दिसायचं. जवळचं तांबडं, त्याच्या पुढचं पिवळं, लांबचं निळं. पोतं म्हणजे तांबड्या माथ्याची टेकडी, चिठ्ठीची घडी म्हणजे पिवळी घळ. हिनं आपला हात कॅमेऱ्याखाली धरला. वर नेला, तांबडा. खाली नेला, निळा. परत वर. किती वेळा केलं ते मोजलं नाही. तिचं तोंड जत्रेतल्या पोरीसारखं झालं होतं.

"तुमी उभं ऱ्हावा बगू," मला म्हणाली.

मी कॅमेऱ्याखाली, तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. ती पडद्याकडं बघत होती. माझं डोकं तांबडं झालं, खांदे तांबडे, पाय निळे. तिचाही माथा पडद्यावर तांबडाच होता. मधे जेमतेम चार बोटं निळं.

"एवढ्या जवळ असता व्हय तुमी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग कुठं असतो?" मुलगी पडद्याच्या तारेशी काहीतरी करत राहिली. हिच्या डोळ्याचं तिला सगळं कळलं होतं. पण कुणाला बोलली नाही, आणि आठ दिवसांनी पुण्याला गेली.

बंदुका कपाटात गेल्या. हिला पट्ट्यावर माझ्या जोडीला दिलं. मी पोतं आणून टाकायचो, ती दुसरं टोक धरून चिठ्ठी वर करायची. "टेकलं का?" "टेकलं." मग हात सोडायची. काम जमलं होतं. मी डावीकडं, ती उजवीकडं. आपण दोघं हात-पाय चालेपर्यंत असंच राहू, असं मला वाटत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते, गोदामात वजनकाटा, पट्टा, फोर्कलिफ्ट, सगळ्यांची. मोठी सवाशीण म्हणून पूजेचा मान तिचा. तिनं फोर्कलिफ्टला कुंकू लावलं, काट्याला लावलं, कपाट उघडायला लावून बंदुकांनाही लावलं. मग स्टूल मागितलं. कॅमेऱ्याची पूजा राहिली होती. मी स्टूल धरून उभा. ती वर चढली, हातानं चाचपलं आणि हळदकुंकू लावून खाली उतरली. नारळ फुटला, खोबरं वाटलं, गोदाम बंद झालं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं तर मशीन एकही चिठ्ठी वाचेना. दहा पोती गेली, वीस गेली, सगळी लाल दिवा लागून परत. पट्ट्याच्या टोकाला ढीग झाला. बाहेर ट्रक उभे. मुकादमानं मशीन बंद करून चालू केली, तारा हलवल्या, घामाघूम झाला. ही पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथं टेकडी नव्हती, घळ नव्हती. नुसते ठिपके आणि काळं.

"याचा एक डोळा गेलाय," ती म्हणाली.

"मावशी, तू कधी झालीस इंजिनेर?" मुकादम म्हणाला. पोरं हसली.

"दोनी उगडे असले की असं व्हत न्हाय. त्याला दिसतंय, पर जवळ-लांब कळंना. वर चढून बगा."

एक जण स्टुलावर चढला. कॅमेऱ्याच्या दोन काचांपैकी एका काचेवर मधोमध हळदकुंकवाचं बोट उमटलेलं होतं. तिला चाचपताना लागली ती गुळगुळीत जागा म्हणजे कपाळ, असं तिला वाटलं होतं. ओल्या फडक्यानं पुसलं. पडद्यावर टेकडी परत आली. पट्टा सुरू झाला, टीक, टीक, टीक. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमानं कपाळावर हात मारून घेतला, पण हसत होता. "मावशी, आंधळं केलंस की त्याला," म्हणाला. "पर तुला कळलं कसं?"

तिथं मी गप्प बसायचं होतं. ती काहीतरी बोलून वेळ मारून नेणारच होती, तिनं तोंड उघडलंही होतं. पण मला अभिमान चढला. पुण्याची मशीन हिच्यापुढं हरली, असं वाटलं. मी म्हणालो, "तिला न्हाय कळणार तर कुणाला? तिचा बी एकच हाय की."

पट्टा चालू होता म्हणून काहींना ऐकू गेलं नाही. मुकादमाला गेलं. तो हसायचा थांबला. तिच्याकडं बघितलं, वीत मोजणाऱ्या तिच्या डाव्या हाताकडं बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे तुमी बोलायला नको व्हतं. आता म्या ऐकलं न्हाय असं कसं करू? उद्या ती फोर्कखाली आली तर?"

माणूस वाईट नव्हता. घरी पाठवलं नाही. मागच्या शेडमध्ये फाटकी पोती शिवायला बसवलं. दाभण आणि सुतळी, बसून काम. लोक म्हणाले, बरं झालं, मावशीला आराम. मी पट्ट्यावर एकटा. दुसऱ्या टोकाला एक धिप्पाड माणूस आला. त्यानं कधी विचारलं नाही टेकलं का म्हणून. त्याला दिसायचं.

त्या संध्याकाळी मी तिची वाट बघत फाटकाशी उभा होतो. वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, "लपवलंय म्या आणि फोडलंय तुमी. फिटलं."

"मला गप बसता येत न्हाय," मी म्हणालो.

"ते मला पयल्या आठवड्यातच कळलं. भाऊ सांगत व्हता, काय काय बोललात ते."

थंडीपर्यंत असं चाललं. सकाळी बरोबर जायचं, फाटकातून ती मागच्या शेडकडं वळायची, मी पट्ट्याकडं. जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये जायचो. ती मान खाली घालून शिवत असायची. मी डावीकडून आलो तर कळायचं नाही, म्हणून लांबूनच खाकरायचो. "ऐकलं, ऐकलं," म्हणायची.

त्या दिवशी, चहा सांडला त्या दिवशी, महामार्ग ओलांडताना तिनं रोजच्यासारखं विचारलं, "हायेत का?" मी रोजच्यासारखं "मेलो न्हाय अजून" म्हणालो. गुडघ्याला चटका बसला होता, म्हणून जरा जास्तच खेकसलो. फाटकातून ती मागं गेली. दुपारी जेवणाच्या आधी शेडमधली बाई पळत आली. ही पोत्यावर डोकं टेकून बसली होती, दाभण अर्धं पोत्यात. मी खाकरलो. मुकादमानं स्वतःची गाडी काढली, उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जागेवरच गेली. मी विचारलं, शेजारी कुणी असतं तर? ते म्हणाले, तरी काही झालं नसतं, हृदय होतं. मी ते खरं धरतो. पण रोज माझी जागा तिच्या डावीकडं होती, आणि त्या दिवशी मी तिथं नव्हतो, आणि का नव्हतो ते तुम्हाला सांगितलं.

माकणीची लेक आली, उन्हं उतरायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सुतकात आमची चूल पेटत नाही. शेजारणीनं तिच्या घरून चहा आणला, उंचावरून कपात ओतला, एक थेंब बाहेर गेला नाही. तो मला पिववला नाही. लेक म्हणाली, "दादा, कुठं निगालात?" मी म्हणालो, "येतो."

मी गोदामाच्या वाटेला लागलो. बरंच चालल्यावर ध्यानात आलं की मी वाटेच्या डाव्या कडेनं चाललोय, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून. मी त्या जागेवर सरकलो. इंजिनिअर मुलीनं सांगितलेला खेळ आठवला. डावा हात उचलला आणि डाव्या डोळ्यावर धरला.

मला वाटलं होतं, अंधार दिसेल. अंधार नसतो तिथं. तिथं काहीच नसतं. रस्ता, बाभळी, तुरीचं रान, सगळं नाकापर्यंत येतं आणि संपतं. इतकी वर्षं मी ज्या जागी चाललो, ती जागा पहिली गेली. मला वाटायचं, मी शेजारी आहे म्हणून ती निर्धास्त चालते. पण त्या जागेवरचा माणूस तिला एकदाही दिसलेला नव्हता. ती नुसतं विचारायची आणि मी सांगेन त्यावर पाय उचलायची.

हात तसाच धरून मी महामार्गापर्यंत गेलो. पायाखालचे दगड दोनदा चुकले. डावीकडून गाड्यांचे आवाज येत होते, पण लांब का जवळ ते कळेना. मी कडेला थांबलो. मान वळवली नाही.

"हायेस का गं?" मी विचारलं.

उत्तर आल्याशिवाय ती पाय उचलत नसे. मीही उचलला नाही.